कमलेशचं ठरलं म्हणे

मोखाड्यात कमलेश नक्की काय काम करतो हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि त्यावाचून कोणाचं काही अडलंही नव्हतं. बाजारपेठेत हार्डवेअरच्या दुकानावर एक खोली घेऊन तो राहायचा, दिवसभर लॅपटॉपसमोर बसायचा आणि मधूनच खिडकीत येऊन फोनवर ठाण्याच्या माणसांशी हिंदीत भांडायचा. खिडकीतच यायचा, कारण रेंज तिथेच होती. एवढ्यावरून लोकांनी तर्क केला की पोरगा बँकेचं काहीतरी बघत असणार. त्याची आई धोंडीबाई विचारणाऱ्याला सांगायची, "कंप्युटरात हाय." जसं काही तो तिथे बिऱ्हाडच करून राहिला होता.

खरं काम असं होतं. जव्हारकडे फिरायला येणाऱ्या शहरी मंडळींना गावातल्या घरांमधल्या खोल्या मोबाइलवरून मिळवून द्यायच्या, असा धंदा ठाण्यातल्या एका लहानशा कंपनीनं काढला होता. कमलेश त्या कंपनीच्या सर्व्हरचं काम बघायचा. म्हणजे गिऱ्हाइकाला जे दिसतं त्याच्या मागे जे चालतं ते. हे काम नीट चाललं की कोणाच्या लक्षात येत नाही आणि बिघडलं की रविवारीसुद्धा फोन येतो. पुरुषमाणसाला घरबसल्या एवढा पगार मिळतो याचं गावाला जरा कौतुक होतं आणि बराचसा संशय होता.

त्या सर्व्हरवर तीन सेवा होत्या. एक रिकाम्या खोल्या दाखवायची, दुसरी दर सांगायची, तिसरी पाहुण्यांना निरोप पाठवायची. प्रत्येकीला काही माहिती लागली की ती मूळ डेटाबेसकडे धावायची, आणि तो डेटाबेस म्हणजे दुपारच्या जेवणानंतरचा सरकारी कारकून. विचारावं आणि वाट बघत बसावं. म्हणून कमलेशच्या आधीच्या कोणीतरी शहाण्यानं अशी सोय केली होती की एकदा मिळालेलं उत्तर प्रत्येक सेवेनं आपल्याजवळ जपून ठेवायचं आणि पुढच्या वेळी तेच पुढे करायचं. अशा जपून ठेवलेल्या उत्तरांना कॅशे म्हणतात. सोय झकास होती, फक्त तिघींची उत्तरं तीन वेगवेगळ्या वेळची असायची. पहिली म्हणायची खोली रिकामी आहे, दुसरी म्हणायची या घराचा दरच ठरलेला नाही, आणि तिसरी म्हणायची तुमचं बुकिंग रद्द झालंय, स्वागत आहे. गिऱ्हाईक वैतागून सरळ घरमालकाला फोन लावायचं आणि मालक खरं काय ते सांगून मोकळा व्हायचा.

कमलेशचा वरिष्ठ करण ठाण्यात बसायचा. तो म्हणाला, "तीन तोंडांनी तीन बोलणं, लाज वाटते यार. तिघींची कॅशे एक करून टाक."

कमलेशनं ती एक केली. मध्ये एक सामाईक साठा ठेवला. जे काही विचारायचं ते तिघींनी तिथेच विचारायचं. त्या साठ्यातल्या प्रत्येक उत्तराला त्यानं तासाभराचं आयुष्य दिलं. तास झाला की शिळं उत्तर फेकून द्यायचं आणि मूळ ठिकाणाहून ताजं आणायचं. दुसऱ्या दिवसापासून तिन्ही सेवा एका सुरात बोलायला लागल्या आणि घरमालकांना येणारे फोन बंद झाले. करणनं अंगठ्याचं चित्र पाठवलं. त्या कंपनीत याहून मोठा सन्मान नव्हता.

आता कमलेशच्या दुसऱ्या कामाकडे येऊ, जे त्याला कंपनीच्या कामाहून कितीतरी जवळचं होतं. त्याला योगिताशी लग्न करायचं होतं.

योगिता खोडाळ्याची, तिथल्याच सरकारी उपकेंद्रात नर्स. आश्रमशाळेत दोघं एकाच वेळी होते. आता कामासाठी ती मोखाड्याला आली की परतीच्या जीपमध्ये गाठ पडायची आणि कमलेशला उगाचच खोडाळ्याच्या बाजूला काम निघायचं. बोलणं व्हायचं ते रेंजचं, लसींच्या पेट्यांचं, जीपवाल्याच्या गाण्यांचं. लग्नाचं तिला विचारावं असं त्याच्या मनात अनेकदा आलं. पण ही गोष्ट घरच्यांनी घरच्यांना विचारायची अशी रीत आहे, आणि भित्र्या माणसाला रीतीचा फार आधार असतो. त्यानं आईला पुढे केलं.

धोंडीबाई लुगडं बदलून खोडाळ्याला जाऊन आली. योगिताचे वडील भिका यांनी चहा पाजला, शेतीचं विचारलं आणि सांगितलं की चौकशी करून कळवतो. त्यांनी चौकशी केली, आणि अगदी सचोटीनं केली. जीपवाल्या वाळूला विचारलं, पिठाच्या गिरणीवाल्याला विचारलं, रिटायर झालेल्या गुरुजींना विचारलं. तिघांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, त्यामुळे मिलीभगत होण्याची भीती नाही. तिघांनीही सांगितलं की पोरगा सालस आहे, निर्व्यसनी आहे, पण पळतो.

"पळतो?" कमलेश ओरडला. "मी कुठे पळतो?"

"मला काय ठावं?" धोंडीबाई डोळ्याला पदर लावत म्हणाली. "भिकाभाऊ म्हनं, एकानं सांगलं असतं तर सोडून दिलं असतं. तिघांनी सांगलं. उद्या पोरीला टाकून पळाला तर आमी कुनाकं बगायचं?"

पळणारा नवरा ही त्या भागात थट्टेची गोष्ट नव्हे. दिवाळीनंतर माणसं वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामांवर जातात आणि शिमग्याला परत येतात. पण सगळेच येत नाहीत. न आलेल्यांच्या बायका प्रत्येक पाड्यावर आहेत. त्यामुळे भिकाचा राग धरावा तर तो कमलेशला धरता येईना. त्याला फक्त वाईट वाटलं, आणि चांगलंच वाटलं. दोन दिवस त्यानं लॅपटॉपसुद्धा नीट उघडला नाही.

मग त्याच्यातला कामाचा माणूस जागा झाला. तीन सेवा एकच चुकीचं उत्तर देत असतील तर सेवांशी भांडण्यात अर्थ नसतो, साठा कुठे आहे ते शोधायचं असतं. तो वाळूकडे गेला. "तुम्हाला कोण बोललं मी पळतो म्हणून?" वाळूनं गिअरवर हात ठेवून आठवलं. "रुपीआत्या बोलली ना." गिरणीवाल्याला विचारलं. रुपीआत्या. गुरुजी मोठे माणूस, ते म्हणाले की समाजात तशी चर्चा आहे. समाजात म्हणजे कुठे, असं चिकाटीनं विचारल्यावर ते म्हणाले, "अरे, बाजारात सुकट घेताना कानावर आलं."

रुपीआत्या आठवडा बाजारात एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर सुकी मासळी विकायची. सुकट, बोंबील, वाकट्या. तालुक्यातला झाडून प्रत्येक पाडा तिच्याकडे यायचा, आणि येताना आपल्याकडची बातमी टाकून जाताना दुसऱ्याची घेऊन जायचा. मासळीबरोबर ती पिशवीत पडायचीच, वेगळी मागावी लागत नसे. आणि कमलेशच्या पळण्याची बातमी तर तिची स्वतःची, अस्सल, डोळ्यांनी पाहिलेली. पाचवीत असताना त्याला आश्रमशाळेत करमेना, म्हणून तो एका सकाळी जीपच्या टपावर गोणींमध्ये लपून घरी निघाला. त्या गोणी रुपीआत्याच्या होत्या. मासळी उतरवताना आतून पोरगा निघाला, हे ती विसरणं शक्यच नव्हतं, आणि तिनं कोणाला विसरूही दिलं नाही.

गंमत बघा. परक्या माणसांच्या खोल्यांच्या माहितीला कमलेश तासाभराच्या वर जगू देत नव्हता. त्याच्या स्वतःच्या नावावरची माहिती मात्र पाचवीपासून पडून होती आणि सुकटीसारखी टिकली होती. तिला कोणी आयुष्यच नेमून दिलं नव्हतं.

पुढच्या बाजाराला तो रुपीआत्यापुढे उकिडवा बसला. "आत्या, ते पळायचं आता सोड ना. मी लहान होतो. आता नोकरी हाय, घर हाय. खोडाळ्याला योगिताच्या घरी बोलणं चाललंय. तेवढं जरा चांगलं सांग."

रुपीआत्यानं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तेच तर. मी म्हनं हा पोऱ्या कंदी नाय तो सुकट घ्याया कसा आला." मग तिच्या तोंडावर हसू पसरलं. "खोडाळ्याची का? भिकाची? चांगली हाय. सांगते की. तू काळजी नको करू."

कमलेश हलक्या पावलांनी खोलीवर आला. साठ्यातलं एक चुकीचं उत्तर बदललं की झालं. तिन्ही सेवा आपोआप दुरुस्त. त्याला वाटलं, हे काम ठाण्यात कोणाला दाखवता येत नाही एवढंच वाईट.

आत्यानं शब्द पाळला. पळण्याचं तिनं पुन्हा नावही काढलं नाही. त्याऐवजी ती प्रत्येकाला सांगत सुटली की कमलेशचं खोडाळ्याच्या योगिताशी ठरलं.

बाजार उठायच्या आत ते वाळूच्या जीपमध्ये चढलं, गिरणीवर पोचलं आणि गुरुजींच्या ओट्यावर गेलं. भिका पुन्हा मोखाड्याला आला तेव्हा तिघांनीही त्याचं अभिनंदन केलं. भिका गोंधळला. आपण तर होकार कळवलेला नाही. पण तिघं सांगतात म्हणजे बोलणं पुढे गेलेलं असणार. बायकोनं परस्पर होकार दिला असेल, नाहीतर भावकीतल्या कोणी ज्येष्ठानं शब्द दिला असेल. माणूस घरचा कर्ता असला की आपल्याला माहीत नाही असं म्हणायची त्याला चोरी असते. त्यानं मान डोलावली, घरी जाऊन बायकोला सांगितलं की ठरलंय, आणि बायकोला वाटलं यांनीच ठरवलं. ती धोंडीबाईला भेटली तेव्हा दोघी गळ्यात पडल्या. मांडवाचे बांबू कोणाकडून आणायचे इथपर्यंत गोष्ट गेली.

कमलेशला हे सगळं कळत होतं. असं काही ठरलेलं नाही हे तालुक्यात कोणाला पक्कं ठाऊक असेल तर ते त्याला होतं. पण ज्या घरातून नकार आला होता तिथूनच आता बांबूंची चौकशी येत होती, आणि माणसाला हवी तशी चूक झाली की ती दुरुस्त करायला हात धजत नाही. खोटं तर मी बोललो नाही, असं तो स्वतःला सांगायचा. रुपीआत्याही बोलली नव्हती, ती नुसती घाईत होती. सगळे एकच सांगतात म्हणजे आता तेच खरं, असं म्हणून तो शिट्टी वाजवत कामाला बसायचा. योगिता त्या आठवड्यात जीपमध्ये भेटली नाही. असेल ड्युटीवर, म्हणून त्यानं विषय संपवला.

शिमग्याचे दिवस जवळ आले तशी कंपनीची गिऱ्हाइकं वाढली. सर्व्हर दमायला लागला. करण म्हणाला की दर तासाला ताजी माहिती आणायची काय चैन लावली आहे, आठवड्यानं आण. कमलेशनं उत्तरांचं आयुष्य एका आठवड्यावर नेलं. हे बरोबर नाही असं त्याला आतून वाटत होतं, पण अलीकडे आतून वाटणाऱ्या गोष्टींकडे न बघायची त्याला सवय झाली होती.

शनिवारी दुपारी करणचा फोन आला. जव्हारच्या अलीकडे सकूबाईच्या घरी पाहुणे पोचलेत आणि ती त्यांना आत घेत नाही. तू जवळ आहेस, जाऊन बघ.

कमलेश मोटारसायकल काढून गेला. सकूबाईच्या अंगणात दोन गाड्या, लहानमोठी मुंबईची मंडळी आणि त्यांच्या ट्रॉलीबॅगा उभ्या होत्या. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांच्या गावचा बोहाडा होता; देवांचे मुखवटे घालून सोंगं नाचायची, आणि एका सोंगाचा मान सकूबाईच्या घराचा. सगळे नातेवाईक येऊन राहिले होते. खोल्या देणार नाही असं तिनं कंपनीच्या ऑफिसात फोन करून चांगलं बजावलं होतं, आणि तिथल्या पोरीनं ते मूळ डेटाबेसमध्ये नीट नोंदवलंही होतं. सामाईक साठ्याला ते कोणी कळवलं नाही. त्याच्याजवळ अजून आठवड्यापूर्वीचं उत्तर होतं, आणि तिन्ही सेवा ते एकदिलानं सांगत होत्या.

पाहुण्यांपैकी एक गृहस्थ मोबाइल पुढे करून म्हणाले, "हे बघा, रूम रिकामी दाखवतंय. इथे रेट दिलाय. आणि हा तुमचा वेलकमचा मेसेज. तीन-तीन ठिकाणी चूक कशी असेल?"

"तीन ठिकाणं नाहीत साहेब," कमलेश म्हणाला, "एकच आहे. तिघी तिथूनच उचलतात."

"ते तुमचं तुम्ही बघा. सगळीकडे एकच लिहिलंय म्हटल्यावर आम्ही कशाला फोन करू?"

सकूबाई कमरेवर हात ठेवून हे ऐकत होती. त्यातलं इंग्रजी तिला अर्धंमुर्धं कळलं असेल, पण भांडणातलं सार तिला बरोबर कळलं. ती कमलेशला म्हणाली, "अरे, घर माजं. आनि मालाच मोबाइल दाखवतात का जागा हाय म्हनून. साऱ्यांना इचारलं, माला इचारलं का कोनी?"

पाहुण्यांची सोय कमलेशनं जव्हारात लावून दिली, सकूबाईची माफी मागितली, आणि तिथेच कट्ट्यावर बसून दुरुस्ती केली. घरमालकानं काही कळवलं की सगळ्यात आधी साठ्यातलं त्या घराचं उत्तर पुसायचं, मग बाकीचं. साधी गोष्ट होती. सुरुवातीलाच करायला हवी होती. हे करताना त्याच्या डोळ्यांसमोर खोली नव्हतीच. अख्ख्या तालुक्याला ठाऊक असलेल्या त्याच्या लग्नाबद्दल ज्या एका माणसाला कोणी काही विचारलं नव्हतं, तिचा चेहरा होता, आणि त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खोडाळ्याला गेला. अंगणात हिरव्या बांबूंचा ढीग पडला होता आणि भिका कोयत्यानं त्यांची पेरं तासत होता.

"या, या," भिका उठला. "बसा. पोर आताच दवाखान्यातून आलीय."

योगिता दारातच उभी होती. तिनं कमलेशकडे पाहिलंही नाही. ती वडिलांना म्हणाली, "बाबा, हे आलेच आहेत तर यांच्यासमोर सांगते. आठवडाभर तेच सांगतेय. माझं काहीही ठरलेलं नाही."

भिकानं कोयता खाली ठेवला. त्याला पोरीची कीव आल्यासारखी दिसली. "योगिता, तू शिकलेली हास. तुझ्या एकटीच्या सांगण्यावर मी कसा भरवसा ठेवू? मोखाड्यात तिघांनी सांगलंय मला. गुरुजीसुद्धा बोलले."

"लग्न माझं आहे ना?"

"हाय ना. म्हणून तर इचारपूस केली."

आता कमलेशनं नुसतं गप्प बसायचं होतं. एवढंच. बांबू आले होते, आया खूश होत्या, तीन साक्षीदार पक्के होते, आणि पोरीचा आवाज एकटा पडला होता. गप्प बसलेल्या माणसाचं लग्न त्या अंगणात नक्की लागलं असतं.

"काका," तो म्हणाला, "ती खरं सांगतेय. काहीच ठरलेलं नाही. तिघं नाहीत ते, एकटी रुपीआत्या आहे. तिघांनी तिच्याकडूनच ऐकलं. आणि तिच्याकडे मीच गेलो होतो, माझं चांगलं सांग म्हणून. ती जास्तच चांगलं बोलली. मला ते खोटं आहे हे माहीत होतं आणि मला ते आवडलं, म्हणून मी बोललो नाही."

भिकानं हातातला बांबू ढिगावर टाकला. "म्हणजे नाय ठरलं?"

"नाही ठरलं."

"आणि ते पळायचं?"

"पाचवीत पळालो होतो. एकदा. आईची आठवण आली म्हणून."

भिका बांबूंवर बसला. कोणाचं ऐकावं हे त्याला कळेनासं झालं असावं, कारण समोर दोघंच होते आणि दोघंही ज्याचं त्याचंच सांगत होते. आता सगळं संपलं होतं, आणि संपवणारा कमलेशच होता. तो म्हणाला, "आईला मी सांगतो. तुमच्या घराला बोल लागणार नाही," आणि जायला वळला.

"थांब," योगिता म्हणाली. पहिल्यांदाच तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं. "निघालास कुठे? मी नको म्हटलंय, असं तुला कोणी सांगितलं?"

कमलेशनं आठवून पाहिलं. ठरलेलं नाही, एवढंच ती म्हणाली होती. बाकीचं त्यानं आपल्याच मनानं धरलं होतं, कोणालाही न विचारता.

तेव्हा त्यानं विचारलं. भर अंगणात, तिच्या बापासमोर, रीतभात सोडून आणि तीनदा अडखळून त्यानं विचारलं. भिकानं संकोचून दुसरीकडे तोंड फिरवलं.

"विचार करून सांगते," योगिता म्हणाली.

"कधी?"

"झाला विचार की. आणि तुलाच सांगेन. दुसऱ्या कोणाकडून ऐकलंस तर ते माझं नाही."

पापणी लवायच्या आत उत्तर आलं नाही तर सर्व्हर बिघडला असं मानणाऱ्या माणसानं मान हलवली. "बरं," तो म्हणाला.

भिकाला राहवलं नाही. "मंग हे बांबू परत पाठवू का ठेवू?"

"ठेवा," योगिता म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

भिकानं कमलेशकडे अर्थ विचारल्यासारखं पाहिलं. त्या 'ठेवा'चा अर्थ कमलेशला फार चांगला लावता आला असता. त्यानं तो लावला नाही. तो भिकाच्या शेजारी बांबूंवर बसला आणि चहाची वाट बघू लागला.